मामांची सहा इंची पट्टी

एक डोळा मिटायचा, वस्तू नाकाजवळ आणायची, तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि म्हणायचं, "रिजेक्ट हाय." मामांची ही सवय कागल एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. ते क्वालिटीत, मी डिस्पॅचला; मला हाकही 'डिस्पॅच' अशीच मारायचे. म्हणजे मी गाडी भरायच्या घाईत आणि ते गाडी अडवायच्या. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच.

कारखान्यात एक सोय असते. माल मापाला किंचित कमीजास्त, पण चालण्यासारखा असेल, तर तसं कागदावर लिहून सही करायची आणि माल सोडायचा. याला डेव्हिएशन म्हणतात. त्यासाठी मी मामांच्या किती विनवण्या केल्या असतील! "मामा, केसाएवढा फरक आहे." त्यावर ठरलेलं उत्तर, "केस हाय न्हवं? मग रिजेक्ट." खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी माझ्यासमोर नाचवायचे. मला ते तेव्हा अजिबात आवडत नसत.

त्यात मामा राहायलाही माझ्या शेजारीच. रिटायर झाले आणि दोन महिन्यांत ब्लडप्रेशर घेऊन बसले. बसले म्हणणं चूकच, कारण बसणंच त्यांना जमेना. डॉक्टर म्हणाले, निवांत राहायला शिका, हाताला काहीतरी छंद लावा. मामांनी कुंपणावरून मला विचारलं, "निवांत ऱ्हायचं म्हंजे नेमकं करायचं काय ओ?"

मग वायरची पिशवी विणायला घेतली. ती काठापर्यंत आली आणि एक घर तिरकं दिसलं म्हणून बुडापर्यंत उसवली. मण्यांचं तोरण घेतलं, तेही अर्ध्यावर. खिडकीत अर्ध्या पिशव्या, अर्धी तोरणं. मामी म्हणायच्या, "आमच्या घरात पुरी झालेली एकच वस्तू हाय, ह्यांची नोकरी."

लेकीला दिवस गेले आणि मामांनी मामींच्या जुन्या सुती पातळांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेतली. बाळाच्या अंगावर आपल्या हातची वाकळ पडली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. वाकळ कडेकडून आत शिवत नेतात. मधे शेवटी उरतं ते तिचं पोट. ते मिटवण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायचा, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मामींनी हे सांगितल्यावर मामा हबकले. "भाकरी? आत फॉरेन मटेरियल?"

प्रत्येक टाक्याला पट्टी लागायची. चुकल्या टाक्यावर लाल खडूची खूण, की उसवला. बारसं झालं, नातीला दात आले, ती चालायला लागली. वाकळ पोटापाशी यायची आणि परत उसवली जायची. एकदा मी थट्टा करायला गेलो तर मामा खाली मान घालून म्हणाले, "पोरगी इकतच्या ब्लँकेटात वाढली, डिस्पॅच." मला फार वाईट वाटलं. तसाच परत आलो.

लेक नातीला घेऊन राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार. कुंपणापलीकडून दबकी हाक आली, "डिस्पॅच, या की हिकडं. हळू या."

मामा पुढच्या सोप्यात मांडी घालून बसले होते. मांडीवर वाकळ पसरलेली आणि वाकळीवरच नात गाढ झोपलेली. एका मुठीत भाकरीचा तुकडा. पट्टी तिच्या अंगाखाली गेलेली. ती उठू नये म्हणून मामा हलले नव्हते, आणि नुसतं बसवेना म्हणून अंदाजाने शिवत राहिले होते. मधे ओंजळभर पोट उरलं होतं.

"टाके मापात न्हाईत ओ," ते कुजबुजले.

"दिसतंय."

"उसवायचं तर हिला उठवाय लागंल." त्यांनी सुई वाकळीत टोचून ठेवली. मग म्हणाले, "डेव्हिएशन लिवा."

मी खिशातलं पेन काढलं. मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिलं: 'टाके कमीजास्त. वापरास योग्य.' आणि सही केली. मामांनी एक डोळा मिटून वाचलं. नातीच्या मुठीतून भाकरीचा तुकडा अलगद काढला, पोटात ठेवला आणि शेवटचे टाके घातले. दोरा तोडून म्हणाले, "पास." मामी दारात उभ्या होत्या. "दोन तास झालं, माणूस जाग्यावरनं उठला न्हाई," एवढंच बोलल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

आता मामा-मामी पेठ वडगावला लेकीकडे असतात. जाताना मामांनी पट्टी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं ठेवा. जवळ असली की हात शिवशिवतो." शेजारचं घर बंद आहे. मला करमत नाही, हे खरं सांगतो.

गेल्या महिन्यात लेकीच्या हाती त्यांनी वायरची पिशवी पाठवली. पुरी विणलेली. एक बंद लांब, एक आखूड. मंडईत धरली की थोडी कलते आणि टोमॅटो एका बाजूला गोळा होतात. पट्टी टेबलाच्या खणातच आहे, मी ती काढलेली नाही.