खिंडीसाठी राखलेला दम

सविता ओव्हाळ वराळ्याला राहते आणि आमच्याच कारखान्यात मालतपासणीचं काम करते. पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत ती गेल्या वर्षी पहिल्यांदा उतरली. पवना धरणात पोहून झाल्यावर सायकलचा रस्ता तिच्या माहेरच्या गावातून जात होता. सगळी भावकी रस्त्यावर उभी. त्यांच्यादेखत मागे कसं पडायचं, म्हणून तिने जीव खाऊन सायकल हाणली. पुढे दुधिवरे खिंडीच्या चढावर पायात गोळे आले आणि शर्यत तिथेच संपली.

यंदा तिला फक्त शेवटपर्यंत पोहोचायचं होतं. त्या गावात पाणी द्यायला मी उभा होतो. सविता बेताने, श्वास सांभाळत आली. तेवढ्यात दोघी तिच्या पुढे निघून गेल्या.

"आगं, त्या पोरी म्होरं गेल्या की!" तिची मावशी शालूबाई ओरडली. "झोपलीस व्हय?"

"जाऊ दे त्यास्नी, मावशी. खिंड अजून म्होरं हाय."

"लोक काय म्हनतील?"

सविताचा चेहरा उतरला. पण वेग तिने वाढवला नाही.

खिंड ती सायकलवरून न उतरता चढली. लोणावळ्यात धावत शेवटची रेघ ओलांडली, तेव्हा मीही तिथे पोहोचलो होतो. तिने पहिला फोन मावशीला लावला, स्पीकरवर.

"मावशी, पोचले."

"कितवी?"

"शेवटून तिसरी."

मावशी म्हणाली, "असू दे. पोरगी थेट लोनावळ्यापातुर गेली म्हून सांगते समद्यांना."