जड स्प्रिंगचा कीबोर्ड

वडील मंगळवारी गेले. तेराव्यानंतर मी जव्हारच्या कचेरीसमोरच्या त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले, बाजूच्या स्टुलावर.

ते तिथे टाइपरायटरवर अर्ज, दावे टाइप करून देत. मोखाड्याच्या एका वकिलांचं काम नेहमी असायचं. ते म्हणाले, "ताई, आता सगळं कॉम्प्युटरवर लागतं. सोमवारी बारा पानं बिनचूक दिलीत तर काम तुमच्याकडेच. नाहीतर नाशिकला देतो."

जुना कॉम्प्युटर मी मिळवला होता, पण त्याचा कीबोर्ड रबराचा. बटण दाबलं की चिखलात पाय गेल्यासारखं वाटे.

बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे चाचा वडिलांचे मित्र. त्यांनी मुंबईच्या भंगारातले दोन कीबोर्ड पुढ्यात ठेवले. दोन्हींत प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग. बटण मध्ये कुठे न अडता सरळ खाली जाई. एक हलका, पातळ आवाजाचा. दुसरा दाबायला जड. मला हलकाच आवडला. एक परिच्छेद टाइप केला.

चाचांनी पडद्याकडे पाहिलं. "हे ककक काय? मशीन तोतरं, की तू?"

चूक माझी होती. मी वडिलांच्या टाइपरायटरवर शिकलेली; मधल्या ओळीवर बोटं टेकवून पुढचं वाक्य जुळवायची. तिथे नुसत्या वजनानं अक्षर उमटत नाही. इथे उमटत होतं.

जड कीबोर्डवर बोटं टेकली. पडदा कोरा राहिला. मग मी हाणू लागले.

"खिळे ठोकतेस का गं? डोळे मीट. तुझा बाप कानानं टाइप करायचा."

मी ऐकलं. बटण तळाला आपटलं की ठक्क वाजे. अक्षर मात्र त्याआधीच उमटलेलं असे. तळापर्यंत जायची गरजच नव्हती. वडील टाइपरायटरखाली घोंगडीचा तुकडा अंथरत, तोच मी या कीबोर्डखाली घातला. उरलेली खडखडही गेली. रविवारपर्यंत मी वडिलांच्या वेगानं टाइप करत होते.

सोमवारी वकिलांनी बारा पानं उभ्यानंच वाचली. हातातल्या पेनाचं टोपण शेवटपर्यंत निघालं नाही.

"तुमच्या वडिलांच्या कामात एखादी तरी चूक सापडायची," ते म्हणाले, आणि साखरशेतच्या जमिनीचा दुसरा दावा टेबलावर ठेवला.

ते गेल्यावर मी स्टूल बाजूला सारलं आणि वडिलांच्या खुर्चीत बसले. पुढची कितीतरी वर्षं तिथेच बसले.

टेबल आता नाही. कीबोर्ड आहे आणि घोंगडीचा तुकडा आहे.