पाचोडची माय दोन तासांत दिल्लीला

सकाळी दिल्लीहून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, प्रकाशचा, फोन आला. "ताई, सुनीताचं बीपी लई वाढलंय. डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत. आईंना घेऊन येता का?"

बाळंतपणाचे दिवस अजून भरले नव्हते. रेल्वेने जायचं तर दिवस-रात्र गाडीतच. रस्त्याने बाराशे किलोमीटरच्या वर. विमानाने मात्र संभाजीनगर ते दिल्ली हवाई अंतर हजाराच्या आसपास आणि वेळ साधारण दोन तास. दुपारच्या विमानात जागा मिळाली. ऐनवेळचं तिकीट महागच पडतं. तुम्ही हौसेने जाणार असाल तर आधी काढा. इथून विमानं मोजकीच आहेत, वेळाही बदलतात, तेही पाहून घ्या.

मी पडेगावहून रिक्षाने चिकलठाण्याला विमानतळावर पोचले. भावाने मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली केली आणि मायला पाचोडहून गाडीने थेट तिथं आणलं. आपलं विमानतळ छोटं आहे, आत गोंधळायला होत नाही. लोणचं, तूप असलं काही असेल तर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. मायची तुपाची बरणी मी तिथंच बॅग उघडून आत कोंबली.

माय पहिल्यांदाच विमानात बसत होती. खिडकी तिला दिली. विमान उठलं तसा तिने माझा हात धरला, पण बाहेर पाहिलं नाही.

"फोन लाव ना सुनीला."

"माय, इथं लागत नाही. उतरल्यावर."

"मंग तिथं काय चाललंय, कसं कळंल?"

खाली ढग, वर लख्ख ऊन, गरम चहा, सगळं छान होतं आणि माझं कशातच लक्ष नव्हतं. दोन तास इतके लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं. मायने पदर तोंडाला लावला होता. मध्येच ती म्हणाली, "जरा जोरात पळव म्हणावं." पलीकडच्या सीटवरचे काका हसले. मला हसू येईना.

चाकं टेकली आणि मी फोन चालू केला. प्रकाशचे एकामागून एक मिस्ड कॉल. लावला, तर तो रडत होता.

"प्रकाश, बोल ना!"

"मुलगी झाली, ताई. दोघी बऱ्या आहेत."

मी मायला सांगितलं. तिला खरं वाटेना. "दोघी म्हंजी कोण कोण?"

"सुनी आणि तिची पोरगी."

"सुनी बोलती का?"

"बोलती गं माय, बोलती!"

मग ती सीटवरच हमसून रडली. लोक सामान काढत होते. काकांनी आमची पिशवी खाली काढून दिली आणि वाट करून दिली.

विमानतळावरून दवाखान्यात पोचायला टॅक्सीला जवळजवळ विमानाएवढाच वेळ लागला. दिल्लीत तेवढा हिशेब धराच. पण आता आम्हाला घाई नव्हती. मायने रस्त्यात छोले-भटुरे खाल्ले आणि वर म्हणाली, "मीठ कमी हाय."

मी आठवड्याने वाळूजला कामावर परतले. माय महिनाभर राहून आली. नंतर मी पाचोडला गेले तेव्हा आठवडी बाजारात एक मावशी तिला विचारत होती, "एवढ्या उंच भ्या नाय वाटलं व्हय?"

माय भाजी निवडता निवडता म्हणाली, "भ्यायला मन कुठं व्हतं माझ्यापशी? ते आधीच फुडं गेलं व्हतं."