गाडीखालची तांबडी माती

हसणार नाही असं वचन मी तुमच्याकडून मागणार होतो. पण राहू द्या. तुम्ही वचन द्याल, मग मोडाल, आणि वर मलाच म्हणाल की तू किस्साच असा सांगितलास. त्यापेक्षा चहा घ्या आणि खुशाल हसा. माझ्या सासुरवाडीला अजून हसतात, तिथं तुमचं काय!

तर मी डिचोलीचा. बाजारात माझी औषधांची, आमच्याकडे म्हणतात तशी वखदांची, फार्मासी. आता औषधं विकणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोरचा नुसता शिंकला तरी त्याला कारण सांगायचं. मला ती जरा जास्तच होती. छप्पर का गळतं, कोंबडी अंडं का देत नाही, म्हापशाची बस उशिरा का येते, कुठल्याही गोष्टीचं शास्त्रीय कारण माझ्यापाशी तयार असायचं. त्या कारणानंच पुढचं सगळं घडलं.

गोव्याला घटक राज्य मिळालं, त्याच्या आसपासची गोष्ट. मांद्र्याला माझे पांडूमामा राहायचे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्याकडे एक गाडी होती. पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरात बोटीतून उतरलेली, पिस्त्याच्या रंगाची, गोल डोळ्यांची. एक भाटकार, म्हणजे जमीनदार, लिस्बनला निघाला तेव्हा मामांनी ती त्याच्याकडून घेतली आणि जन्मभर तिच्यावर भाडी मारली. पुढे नजर अधू झाली तशी गाडी पडवीत उभी राहिली. एक दिवस मामांनी मला बोलावून घेतलं.

"बाबू, हय समुद्राचो खारो वारो. लोखंड खावन टाकता. तू हिका डिचोलेक घेवन जा, आनी शैलाच्या लग्नाक तेवडी हाडून दी."

"आणतो की मामा, त्यात काय!"

"तुजी मामी ह्याच गाडयेतसून माज्या घरात इल्ली. आता ती नाय. चेडू तरी हिच्यातसूनच सासऱ्याक जावंदे. माका दुसरां काय नको."

मामांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. शैला त्यांची एकुलती एक मुलगी. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मामा, गाडी जशी नेतो त्याहून चांगली आणून देतो.

गाडी डिचोलीला आली. घराला लागून पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात तिला उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गाडीखाली तांबडी भुकटी!

तुम्ही डिचोलीत राहिला नसाल तर तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या दारावरून दिवसभर खाणीचे ट्रक जायचे. दोरीवरचे कपडे तांबडे, अंगणातली तुळस तांबडी, ताकावर झाकण नसेल तर ताकही तांबडं. आमच्याकडे तांबडं दिसलं की ती खाणीची माती, यात विचार करण्यासारखं काही नसतंच. मी ट्रकवाल्यांना दोन शिव्या दिल्या, केरसुणी घेतली आणि भुकटी झाडून टाकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. तिसऱ्या दिवशी थोडी जास्त.

माझी बायको सुलभा सर्वणची, शेतकऱ्याच्या घरची. ती कमी बोलते, पण बोलली की नेमकं नको ते बोलते. दारात उभी राहून म्हणाली, "एक विचारूं तुमकां?"

"विचार."

"धूळ वयल्यान पडटा न्ही? मग गाडयेच्या टपार इल्लीशी, आनी गाडयेखाला ही रास कशी?"

झालं! मला कारण सांगायला आयतीच जागा मिळाली. मी म्हटलं, "अगं, वाऱ्याचा भोवरा होतो. रस्त्यावरून हवा येते, शेडमध्ये शिरते, गाडीखाली गोल फिरते आणि माती तिथं टाकून निघून जाते. शास्त्र आहे ते."

सुलभा म्हणाली, "आं." आणि भाजी चिरायला आत गेली. त्या एका "आं"मध्ये काय काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

बरं, मी एकटाच मूर्ख होतो असंही नाही हं. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला रास दाखवली. तो म्हणाला, खाणीची माती. शेजाऱ्याला दाखवली, तो म्हणाला, खाणीची माती. ते दिवस असे होते की कोकणी की मराठी यावरून माझ्या दुकानाच्या पायरीवर रोज वादावादी व्हायची आणि दोन माणसांचं कशावर एकमत होत नसे. पण गाडीखालची रास बघून कोकणीवाले आणि मराठीवाले एका सुरात म्हणाले, खाणीची माती! मग मी कशाला शंका घेऊ?

मी काय केलं, ऐका. पाण्याची नळी आणली आणि गाडी रोज खालून धुवायला लागलो. मडगार्डच्या आत, दारांच्या खाली, पोटाशी, सगळीकडे पाणी. आणि गंमत बघा, जितकं धुवावं तितकी माती जास्त पडायची! याचंही माझ्याकडे कारण होतं. म्हटलं, आत साठलेली निघतेय.

शेवटी डोकं फिरलं. रोज घरासमोर ट्रक उभा करून चहा पिणारा एक ड्रायव्हर होता, भिकाजी, कुडाळकडचा. त्याला गाठलं.

"काय रे, माझ्या मामाच्या गाडीचं वाटोळं करायचं ठरवलंय काय तुम्ही?"

"मी काय केलंय, पात्रांव?" मालकाला आमच्याकडे पात्रांव म्हणतात.

"ही माती बघ!"

भिकाजीनं वाकून बघितलं. "माती उडता ती सगळ्यांच्या दारात उडता. तुमच्याच गाडयेचो तिका इतको लळो कित्याक?"

"ते मला नको सांगू!"

"मगे मी काय खोऱ्यान घालतंय ती हयसर?"

मी पेटलो. रोजची रास एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायला लागलो, पुरावा म्हणून. डबा भरला तसा तो उचलून तडक ट्रकवाल्यांच्या कचेरीत नेला आणि टेबलावर आपटला. तिथल्या माणसांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि माना डोलावल्या. "व्हय, माती आमचीच!" ज्यांची माती त्यांनीच ओळखली, आता बोला! त्यांनी माफी मागितली, माझ्या घरासमोर पाणी मारायचं कबूल केलं आणि त्या बिचाऱ्या भिकाजीला ट्रक लांब उभा करायला लावला. मी विजयी मुद्रेनं घरी आलो. सुलभाला म्हटलं, बघितलंस?

"बरें जालें," ती म्हणाली. "आतां फाल्यां रास पडची ना न्ही?"

दुसऱ्या दिवशी रास पडली. मी मुकाट्यानं झाडली आणि सुलभा उठायच्या आत टाकून आलो.

पावसाळ्यानंतर दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं दिसली. म्हटलं, ट्रकच्या चाकाखालचे खडे उडाले असणार. भोकांत लांबी भरली, घासली, वर पिस्ता रंग मारला. आतल्या तळाला फुलाफुलांचं नवंकोरं लिनोलियम घातलं, कडा चिकटवून टाकल्या. गाडी अशी दिसायला लागली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मीही थांबून बघायचो, आता खोटं कशाला सांगू?

शैलाचं लग्न ठरलं ते कारापूरच्या मुलाशी. लग्न मांद्र्याला, मामांच्या मांडवात. सकाळी मी गाडी घेऊन पोचलो तेव्हा मामा पायरीवर उभे होते. जवळ आले, बॉनेटवर हात फिरवला, दारावर हात फिरवला. नजर अधू, त्यामुळे हातानंच बघत होते. म्हणाले, "बाबू, तुजे उपकार फेडूचे कसे?" माझा ऊर भरून आला. आणि लाज वाटते सांगायला, पण स्वतःचंच कौतुकही वाटलं.

लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. वऱ्हाडाची बस पुढे उभी, मागे फुलांनी सजवलेली आमची गाडी. बायकांनी शैलाला द्यायचं तांब्याचं भाण आणलं, आंघोळीचं पाणी तापवायचं ते मोठं भांडं. त्यात तांदूळ, त्यावर नारळ. दोघांनी उचलून ते मागच्या सीटपुढे, माझ्या फुलाफुलांच्या लिनोलियमवर ठेवलं. शैला आणि नवरा दाराशी उभे राहिले.

आता मामांच्या पेडण्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी हलत नाही. मामांचे थोरले चुलतभाऊ, दाजी, नारळ हातात घेऊन गाडीपुढे आले आणि त्यांनी खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरचां चेडू सासऱ्याक जाता. तिच्या वाटेत काय काटोकुटो आसात, तो दूर कर रे म्हाराजा!"

आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या गाडयेक कोणाची नजर लागली आसात, काय इडापिडा आत लपान बसली आसात, ती हयच्या हय भायर पडान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि धडाम्!

भाण गाडीखाली. लिनोलियम फाटून खाली लोंबतंय, नारळ घरंगळत निघालेत, आणि गाडीच्या पोटातून मांद्र्याची पांढरी वाळू दिसतेय. पुढचे सगळे दोन पावलं मागे सरकले. मागच्या कुणाला काही दिसलंच नव्हतं, तो सवयीनं पुन्हा एकदा ओरडला, "व्हय म्हाराजा!" इतक्या तातडीनं पावलेला देव दाजींनीही कधी बघितला नसेल.

मी खाली वाकलो. पत्र्याच्या कडेला हात लावला तर ती पापडासारखी मोडून हातात आली. आणि हातात काय राहिलं? तांबडी भुकटी. तीच! मामांनी सांगितलेला खारा वारा कितीतरी वर्षं आतून गाडी खात होता, मी त्यावर रोज नळीनं पाणी मारत होतो, आणि रोज सकाळी केरसुणीनं मामांची गाडी थोडी थोडी झाडून उकिरड्यावर टाकत होतो. डबाभर तर मी ट्रकवाल्यांना नेऊन दाखवली होती, आणि त्यांनी माफीसुद्धा मागितली होती!

सुलभा माझ्याकडे बघत होती. "वाऱ्याचो भोंवरो," ती एवढंच म्हणाली.

पण हसू येण्यासारखं तेव्हा काही नव्हतं हो. मामा पायरीवर जाऊन बसले. रागावले असते, चार लोकांत झाडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी म्हणालं, चेडवाला बसमध्ये बसवा. मामांनी मान हलवली, हो म्हणून, आणि पंच्यानं डोळे टिपले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात शैला बोलली. "मी बसमधे बसूचंय नाय. माजी आय ह्या गाडयेतसून इली, मी हिच्यातसूनच जातलंय."

"अगे, पाय खंय ठेवतलंस?" दाजी म्हणाले.

ती शालू सावरत मांडवात गेली आणि लग्नात ज्यांवर दोघं बसली होती ते दोन पाट घेऊन आली. भोकावर आडवे टाकले. सीट वर करून खाली बघितलं, सीटखालची पट्टी देवदयेनं शाबूत होती. नवरा मुलगा बिचारा नवाच, तोही तिच्या शेजारी जाऊन बसला. भाण बसच्या टपावर गेलं. मामा उठून माझ्या खिडकीशी आले, म्हणाले, "चलय. सावकाश चलय." त्यांचा चेहरा उजळला होता, आणि तो मला आजही दिसतो.

मांद्रे ते कारापूर मी अशी गाडी चालवली की सायकलवाले पुढे जात होते. पेडणे झालं, अस्नोडा झालं, डिचोली आली. खाणीचा रस्ता लागला. संध्याकाळी कारापूरला दारात गाडी उभी केली तेव्हा वाजंत्री सुरू झाली, आणि शैलाची सासू पाणी घेऊन नव्या सुनेचे पाय धुवायला पुढे आली.

शैला उतरली. आणि मी बघतो तर तिचे पाय घोट्यापर्यंत तांबडेलाल! शालूचा काठ तांबडा! नवऱ्याचे पायही तसेच!

आता मी शहाणा झालो होतो ना! पुन्हा फसणार होतो थोडाच! मी हात पसरून मध्ये उभा राहिलो.

"थांबा! पाण्याला हात लावू नका! गंज आहे तो!"

वाजंत्री बंद. सासूबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या.

"गंज पायाला लागलाय. कुठं खरचटलं असेल तर धनुर्वात होईल. दातखीळ बसते! दोघांनाही आताच्या आता इंजेक्शन द्यायला हवं!"

एकच गोंधळ उडाला. नवऱ्याचा काका स्कूटर काढून डॉक्टरला आणायला निघाला. एक म्हातारी रडायलाच लागली. शैला सांगत होती, अरे दादा, मला कुठं काही लागलेलं नाही, पण मी ऐकतोय कशाला! मी धनुर्वाताची लक्षणं क्रमवार सांगत होतो.

सासूबाई शांतपणे खाली बसल्या. शैलाच्या पायाला बोट लावलं, ते चोळून बघितलं. मग बसमधून उतरणाऱ्या वऱ्हाडाकडे बघितलं. सगळ्यांचे केस तांबडे, सदरे तांबडे. मग माझ्याकडे बघितलं. मीही नखशिखांत तांबडा.

"खंयचो रे तूं, बाबा?"

"डिचोलीचा."

"जल्म?"

"डिचोलीतच."

"आनी ही खाणीची माती तुका वळखूंक येना?"

सगळा मांडव खो खो हसत सुटला. शैलाच काय, आमची सुलभासुद्धा पदर तोंडाला लावून. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुनेचे पाय धुतले, पदरानं पुसले आणि तिला हळूच विचारलं, "गो बाये, हो दादा तुजो काम कितें करता?"

"डिचोलेक फार्मासी आसा तेची."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तर आमचीं वखदां आमी म्हापशेंच्यानूच हाडूंया."