सात डॉलर आणि आत्याची कवळी

आत्याचा शेवटचा दात पडला तेव्हा मला अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागून दोन वर्षं झाली होती. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आत्या आणि मी, दोघीच बुवापाड्यातल्या चाळीत राहायचो. कॉलेजसाठी मी गावाहून तिच्याकडे आले ती तिथलीच झाले. तिला मूलबाळ नव्हतं आणि काका जाऊन चार वर्षं झाली होती.

दात गेल्याचं तिला दुःख नव्हतं, राग होता. चाळीत बारसं असो की सत्यनारायण, बाकीच्यांच्या हातात चिवड्याची बशी यायची आणि आत्याच्या हातात शिऱ्याची वाटी. घरी आल्यावर ती धुसफुसायची. "मी काय बाळंतीण हाय काय गो? जाईन तिथं मेला शिरा!"

एके दिवशी मला न सांगता ती उल्हासनगरला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. वरची-खालची मिळून कवळीचे नऊशे रुपये होतील असं त्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, "मी देते की. पगार होतोय माझा."

"तुझ्या पैशाचे दात लावून तुझ्यावरच ओरडू काय? नको. दात माझे, पैसे पण माझेच," ती म्हणाली, आणि कपाटातून पावडरचा एक जुना डबा काढून तिने माझ्यासमोर उपडा केला. फडक्यात बांधलेले काकांचे सात डॉलर बाहेर पडले.

काका मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला होते. वीसेक वर्षं त्यांनी समुद्रावर काढली. अमेरिकेच्या बंदराला जहाज लागलं की हाती आलेल्या पैशातून ते चांदीचा एक डॉलर मागे ठेवायचे. सात वेळा गेले, सात डॉलर, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते. आपल्या रुपयापेक्षा कितीतरी मोठं आणि तळहाताला जड लागणारं नाणं. एका बाजूला कुरळ्या केसांची, ठसठशीत हनुवटीची बाई. दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. आत्या त्या बाईला 'ह्यांची मडम' म्हणायची. "वर्षातले दहा महिने हिच्याकडे, दोन महिने माझ्याकडे."

"विकून टाकायचे? सगळे?" मी विचारलं.

"आधी बघू तर खरं, काय किमतीचे हायत. मग ठरवू."

पहिल्यांदा आम्ही अंबरनाथच्याच बाजारातल्या एका सराफाच्या दुकानात गेलो. मालक तरुण होता, नव्या काचा, नवे दिवे, भिंतीला आरसे. त्याने सातही नाणी एकदमच काट्यावर ठेवली. उचलून एकही पाहिलं नाही. "परदेशी माल आहे मावशी, यात मिलावट असते. शिवाय काळी पडलीत. आठशे देतो सगळ्यांचे."

मी काही बोलायच्या आत आत्याने नाणी फडक्यात गुंडाळली. "बघते विचार करून," म्हणाली आणि पायरी उतरली. रस्त्यावर आल्यावर तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटलं होतं. पण ती चक्क खुशीत होती. मला त्याचा अर्थ लागला नाही.

राग मला आला होता. माझ्या लॅबमध्ये केसाचंसुद्धा वजन सांगेल असा काटा होता आणि हा माणूस आम्हाला मिलावट शिकवत होता! दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत नाणी घालून मी कामावर गेले. आमचे लॅबचे साहेब निवृत्तीला आले होते. कडक माणूस, पण असल्या गोष्टीची त्यांना माझ्याहून जास्त हौस. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी एकेक नाणं आधी नुसतं तोललं, मग दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबतं ठेवून तोललं. पाण्यात किती वजन घटतं त्यावरून धातू कळतो, हे शाळेत सगळेच शिकतात. पण मी ते स्वतःच्या घरच्या वस्तूवर पहिल्यांदाच करत होते. पहिली सहा नाणी हवी तशी निघाली. नव्वद टक्के चांदी आणि बाकी तांबं असलं की जेवढा आकडा यायला हवा, तेवढाच आला. साहेब खूश झाले.

सातवं आधीच दोन-अडीच ग्रॅम हलकं होतं. पाण्यात घातल्यावर तर आकडा पारच घसरला. मी पुन्हा केलं. दोरा बदलून पुन्हा केलं.

"उगाच दोऱ्याला दोष देऊ नकोस," साहेब म्हणाले. "आत पितळ आहे. वर चांदीचा मुलामा दिलाय. पण काम सुबक केलंय हं."

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. "जुनी नाणी घासायची नाहीत. आणि वजनावर विकायच्या आधी एखाद्या जाणकाराला दाखव. कधी कधी नाण्याला चांदीपेक्षा जास्त किंमत येते." बदलापूरला हेंद्रेपाड्यात नाणी जमवणारे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत, हेही त्यांनीच सांगितलं.

संध्याकाळी घरी आले तरी डोक्यात तेच होतं. काकांना कुणीतरी फसवलं होतं आणि बिचाऱ्यांना ते कधी कळलंच नव्हतं. इंजिनाच्या धगीत घाम गाळून मिळवलेला पैसा! आत्याने तो डॉलर इतकी वर्षं बाकीच्यांच्या बरोबरीने जपला होता. आता मी तिला काय सांगू? "काय म्हणाले तुझे साहेब?" तिने विचारलं. "चांदी चांगली आहे म्हणाले," एवढंच मी बोलले आणि अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. नाणी न घासण्याचं सांगायचं त्या गोंधळात राहूनच गेलं.

ते रविवारी सकाळी आठवलं, मोरीतून घासण्याचा आवाज आला तेव्हा. आत्या चिंच आणि राख घेऊन बसली होती. पाच डॉलर तांब्याच्या कळशीसारखे लखलखत होते. उरलेले दोन बाजूला काळेच पडले होते.

"अगं आत्या, काय केलंस हे! घासायचे नसतात!"

"तो मेला सराफ म्हणाला नाय, काळे पडलेत म्हणून?"

तिच्या हातातून मी चिंच काढून घेतली. उरलेल्या दोन नाण्यांपैकी एक तेच होतं. गरुडाची पिसं जरा सपाट होती, त्यावरून मी ते आता ओळखत होते. आत्या हात धुवायला वळली तसं ते मी माझ्या पर्समध्ये सरकवलं आणि बाकीची सहा फडक्यात बांधली.

दुपारी आम्ही बदलापूरला गेलो. तेव्हा हेंद्रेपाड्यात घरं विरळ होती, मधेमधे भाताची खाचरं दिसायची. मास्तरांचं घर बैठं होतं, अंगणात जास्वंद. आत्याने नाणी टेबलावर मांडली आणि पाच लखलखीत डॉलर पाहून मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"ताई, कशाने घासलीत?"

"चिंचेने. आणि राखेने."

"अरेरे. तुम्ही स्वच्छता केलीत, पण जमवणाऱ्याला हीच नको असते हो."

मग त्यांनी भिंग काढलं आणि पुढचा तासभर आम्हाला विसरूनच गेले. एकेका नाण्यावरचं साल वाचत होते. बरीचशी काकांच्या जन्माच्याही आधीची निघाली. गरुडाच्या शेपटीखाली एक बारीक अक्षर असतं, त्यावरून ते नाणं कुठल्या शहरात पाडलं ते कळतं, असं म्हणून त्यांनी भिंग आत्याच्या हातात दिलं. "हे बघा, वाटोळं अक्षर. म्हणजे न्यू ऑर्लिन्स."

आत्या भिंगावर वाकली ती वर बघेचना. "हे गाव ह्यांच्या तोंडून ऐकलंय मी," ती हळूच म्हणाली. "तिथं आपल्यासारखाच घाम येतो, म्हणायचे. आणि भात मिळतो."

मास्तरांनी स्पष्टच सांगितलं. यात दुर्मीळ असं एकही नाही. घासलेली पाच चांदीच्या भावानेच जातील. न घासलेलं, तेच वाटोळ्या अक्षराचं नाणं मात्र छान राहिलंय, त्याचे ते स्वतः तीनशे द्यायला तयार होते. "पण घाई नाही. चार ठिकाणी विचारा, मग या."

आत्याने मान हलवली. नाणी परत बांधताना तिचा हात थांबला. "सहाच? सातवा कुठं गेला?"

"घरी राहिला असेल," मी म्हटलं. मी पर्स जवळ ओढली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फडक्याची गाठ मारली.

स्टेशनजवळ तिला लस्सी प्यायची होती. दुकानातल्या बाकावर बसलो. ग्लास अर्धा झाल्यावर मलाच राहवेना. पर्समधून तो डॉलर काढून मी टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. काटा, दोरा, पाणी, पितळ. सांगताना माझे डोळे भरून आले. "काकांना कुणीतरी फसवलं गं."

आत्याने ग्लास खाली ठेवला आणि दात नसलेल्या तोंडाने अशी हसली, की लस्सीवाला वळून बघायला लागला.

"तुला काय वाटलं, ह्यांना ठाव नव्हतं? अगो, बंदरावर रस्त्यात एक माणूस भेटला, स्वस्तात देतो म्हणाला. हे हावरटासारखे घेऊन बसले. जहाजावर मिस्त्रीने लोखंडावर आपटून दाखवला, तेव्हा कळलं. सगळं इंजिन हसलं त्यांना. घरी आले ते मला एकटीला सांगितलंन. म्हणाले, तुझ्या भावाला सांगू नको, जन्मभर चिडवील."

भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांनी खरंच जन्मभर चिडवलं असतं.

"मग तो चांगल्या नाण्यांत का ठेवलास? त्या दुकानात सातही नेलीस!"

"मुद्दाम नेली. ज्याला खोटा ओळखता येत नाय, तो खऱ्याची किंमत काय करणार? त्याने तर बघितलंन पण नाय. तिथंच समजले, इथं विकायचं नाय."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुझी पण परीक्षा," ती म्हणाली. "एवढं शिकवलं तुला, बघू तरी काय येतं. तू पास झालीस, बायो. त्या दिवशी भाकरी टाकून उठलीस तेव्हाच समजले मी."

मी हसायला लागले, पण ती थांबली होती. "एक मात्र चुकलंस. मला सांगायला हवं होतंस. लपवायचं कशाला? मी काय काचेची हाय?"

मी तो डॉलर उचलून तिच्या हातात दिला. तिनेही ताणून धरलं नाही. उरलेली लस्सी तिने संपवली, वर माझीही अर्धी प्यायली.

पुढच्या आठवड्यात उल्हासनगरला गेलो ते सातही डॉलर घेऊन. आत्याने ठरवलेल्या पद्धतीत बदल नव्हता. सराफाचं दुकान अरुंद होतं, गादीवर पांढऱ्या लेंग्यातला एक म्हातारा सिंधी बसला होता. त्याने काट्याला हातच लावला नाही. एकेक डॉलर बोटाच्या टोकावर धरून नखाने टिचकी मारायचा आणि कानाजवळ न्यायचा. सहा वेळा टण्ण असा लांब आवाज आला. सातव्याला नुसतंच टक. तो त्याने बाजूला ठेवला आणि चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं.

"अम्मा, ये आपने जानबूझकर डाला ना?"

आत्याने हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

म्हातारा हसला. "मेरी माँ भी ऐसे ही करती थी. बाजार में पहले दुकानदार को तोलती थी, बाद में माल को."

मग त्याने आम्हाला हिशेब समजावून सांगितला. आजचा भाव हा, यात चांदी एवढी, वितळवायची गाळणावळ एवढी, त्याचे स्वतःचे एवढे. मी घरून पेपरातला भाव पाहून आकडा काढून नेला होता. दोन-चार रुपयांच्या फरकाने तोच आला. एका डॉलरचे दीडशे. आत्याने घासलेल्यांपैकी चार दिले. वाटोळ्या अक्षराचा मास्तरांना त्याच आठवड्यातल्या रविवारी नेऊन दिला. सहाशे आणि तीनशे. एक खरा आणि एक खोटा पुन्हा पावडरच्या डब्यात गेले.

कवळी यायला महिना गेला. आल्यावर पहिले काही दिवस वाईट गेले. हिरड्यांना जखमा झाल्या, 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची, आणि आत्या म्हणायची की तोंडात कुणी भाडेकरू येऊन राहिल्यासारखं वाटतं. डॉक्टरने तिला रोज मोठ्याने वाचायला सांगितलं. ती तिसरीपर्यंत शिकलेली. एवढ्या वर्षांत तिला देवाच्या पोथीपलीकडे काही वाचताना मी पाहिलं नव्हतं. आता मी कामावरून आले की ती दारात पेपर घेऊन बसलेली असायची, अक्षराखाली बोट ठेवून. राजकारण तिला कंटाळवाणं वाटायचं. छोट्या जाहिराती आवडायच्या. खोली भाड्याने देणे, शिलाई मशीन विकणे, हरवला आहे, सापडला आहे. प्रत्येक जाहिरातीतल्या माणसाची ती मनापासून काळजी करायची.

पंधरा दिवसांत शिट्टी गेली आणि तिचा मोर्चा विवाहविषयक पानाकडे वळला. मी पंचविशीची झाले होते. एका संध्याकाळी मी स्टोव्हवर भात टाकून कपडे वाळत घालायला गेले आणि तो खाली लागला. करपल्याचा वास घरभर. आत्या दारातून हलली नाही. पेपर डोळ्यांजवळ धरून, एकेक अक्षर दातांवर तोलत, ती मला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत होती, "मुलगी सुस्वभावी, शिकलेली, आणि गृ-ह-कृ-त्य-द-क्ष असावी."

एकदाही न अडखळता तो शब्द जमल्यावर तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि अख्खी बत्तिशी दाखवून हसली.