टाकीवरचा नारळ

नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी फाटकाजवळ ट्रकचे दोर तपासत होतो. मागोमाग टाळ्या वाजल्या. मी पळतच शेडमध्ये गेलो. आमची स्टेनलेस स्टीलची टाकी हार घालून, कुंकू लावून सजली होती आणि तिच्या उघड्या तोंडातून नारळाचं पाणी आत ओघळत होतं. नारळ फोडला होता मुंबईहून आलेल्या आमच्या चीफसाहेबांनी. अर्धं भकल हातात धरून ते फोटोग्राफरकडे बघत हसत होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही फास्ट टेस्ट रिअॅक्टर उभा करत होतो, म्हणजे नव्या अणुइंधनाच्या चाचण्यांसाठी छोटी अणुभट्टी. नेहमीच्या भट्टीतली उष्णता बहुधा पाणी वाहून नेतं. इथे ते चालत नाही, कारण पाण्याने न्यूट्रॉनचा वेग मरतो आणि या भट्टीला ते वेगवानच लागतात. म्हणून वितळलेला सोडियम फिरवायचा. या धातूला पाणी लागलं की आग, नाहीतर स्फोट. त्या सोडियमची ही टाकी सांगलीजवळच्या एका कारखान्यात बनली होती. एरवी तिथे साखर कारखान्यांची यंत्रं होत. मी इन्स्पेक्टर. टाकी धुऊन, सुकवून, दमट हवा शिरू नये म्हणून आत नायट्रोजन भरून मी तोंडाला प्लग लावून घेतला होता.

"प्लग कोणी काढला?"

"म्या काढाय लावला," कारखान्याचे मालक अण्णा छाती काढून म्हणाले. "आतनं आरशावानी चमकतीया, सायबास्नी दावाय नको व्हय?"

"अण्णा, आत पाणी गेलं!"

"आवं, नारळाचं पाणी त्ये! गटाराचं न्हवं!"

अण्णांना काय बोलणार? मी चीफकडे बघितलं. आम्हाला सोडियम शिकवला तो याच गृहस्थांनी. गळ्यात हार पडला की शिक्षण कुठे जातं, देव जाणे.

"चमचाभर असेल," ते हळूच म्हणाले. "फडक्याने पूस आणि टाकी पाठवायच्या कागदावर सही कर. लोक जमलेत."

"तळाच्या नळीपर्यंत फडकं पोचत नाही, साहेब."

"मग मीच सही करतो." त्यांनी पेन काढलं.

माझं डोकं फिरलं. "करा. फक्त सोडियम भरायच्या दिवशी ऑपरेटरच्या जागी तुम्ही उभे राहा."

पेन खिशात गेलं. साहेबांना एकदम साताऱ्यातलं कुठलंसं काम आठवलं. अण्णांनी खास रांधलेल्या मटणालाही ते थांबले नाहीत. मी मात्र पोटभर जेवलो.

ट्रक रिकामा परतला. टाकी पुन्हा धुतली, गरम हवेने सुकवली, नायट्रोजन भरला. "ह्यो इन्स्पेक्टर लय नास्तिक हाय गड्या," असं अण्णांनी गावभर केलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी नारळ ट्रकच्या चाकापुढे फोडला आणि खोबरं माझ्या हातावर जवळजवळ आपटलंच. गोड होतं.

सोडियम भरला त्या दिवशी काहीही घडलं नाही. ऑपरेटर काम उरकून चहाला गेले. चीफसाहेब तिकडे फिरकलेही नाहीत.

टाकीला पाऊस, घाम, तेल लागू देऊ नये, एवढं टाकी हाताळायच्या परदेशी सूचनांत होतं. त्याखाली मी मराठीत एक ओळ घातली: टाकीवर नारळ फोडू नये. पुढे एका सेमिनारमध्ये चीफसाहेबांनी ही ओळ स्वतःची दूरदृष्टी म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या. तेव्हापासून मी सोडियमला पाण्यापासून आणि टाकीला पाहुण्यांपासून जपत आलो.