सुलूच्या डोक्याचा निकाल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवळात हात जोडतानासुद्धा नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते आहे — चौथीपर्यंतची शाळा त्याला पुरे.

माझी मुलगी सुलू साखळी गावात काजूच्या फॅक्टरीत कामाला जाते. तिची तन्वी तिसरीत आहे, शाळा सुटल्यावर माझ्याकडेच असते. परवा तन्वीच्या शाळेत पालकांची सभा होती, सुलूच्या जागी मी गेले. मागे बसले, तन्वी शेजारी. टीचरनं दोन मुठी जोडून मेंदू केवढा असतो ते दाखवलं. म्हणाली, पोर कठीण गणित करतं, चुकतं, परत करतं, तेव्हा मेंदूत वाट पडते — सुपारीच्या कुळागरात रोज चालून पडते तशी. कुणाचं डोकं जन्मतः ठरलेलं नसतं. 'जमत नाही' म्हणणाऱ्या पोराला 'अजून जमत नाही' म्हणायला शिकवा.

बायका माना डोलवत होत्या. माझी मान हलली नाही.

त्या संध्याकाळी सुलू तन्वीला न्यायला आली तेव्हा तन्वीनं ते सगळं तिला ऐकवलं. सुलूला फॅक्टरीत वरची जागा मिळते आहे, फक्त दहावी हवी. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसता येतं. तन्वी म्हणाली, "आई, तुझो पण मेंदू वाढतलो. बस गो परीक्षेक."

सुलू हसली. "माझ्या डोक्याचो निकाल देवीनच दिलो, बाय. आजीक इचार."

मी भांडी घासत राहिले.

कसला निकाल? सुलू नववीत गणितात नापास झाली होती. तिला परत बसायचं होतं. तिचे बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, ते म्हणाले, "चेडू नापास झाला, मेला नाय. परत बसांदे." मीच म्हटलं, देवीला विचारूया. आमच्याकडे मोठ्या गोष्टीला प्रसाद घेतात — मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालून देवीला प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नको. मी एकटीच पेडण्याला माहेरच्या देवळात गेले. घरी येऊन सांगितलं — डावी पडली. देवी म्हणते, शिक्षण हिच्या डोक्यात नाही.

सुलू रडली नाही. दप्तर माळ्यावर ठेवलं आणि केर काढायला घेतला.

खोटं होतं ते. उजवी पडली होती. गाऱ्हाणं संपायच्या आत पडली. गुरव हसून म्हणाला, "शिकव गो तिका, देवीन झटक्यात दिल्यान."

मग का? पैशाची अडचण नव्हती, बापाचा विरोध नव्हता. सहावीत असताना शेजारणींसमोर सुलू एकदा म्हणाली होती, "आईक इचारू नका, तिका कायच येणा नाय." सगळ्या हसल्या. ते मला लागलं. ती पुढे जात होती — आणि मला ती माझ्याएवढीच हवी होती. मी नको म्हटलं असतं तर ती भांडली असती, जिंकलीही असती. देवीशी कोण भांडणार?

शाळा गेली ते एक. पण तिचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला. मोबाइलवर साधं काही अडलं तरी ती म्हणते, "माझा डोक्याच तसला," आणि बाजूला ठेवते. हे तिला कुणी शिकवलं?

कुणी म्हणेल, अडाणी बाई, तिला काय कळणार. मला ती सूट नको. माझी बहीणही चौथीच शिकली, तिच्या मुली कॉलेजात गेल्या. कुणी म्हणेल, नशिबात होतं. नशिबात नव्हतं, मी केलं. देवीच्या नावावर खोटं बोलले म्हणून ती कोपेल? कोपू दे. पण माझ्यावर. त्या पोरीच्या डोक्यावर हे खोटं आता राहणार नाही.

उद्या सुलू आली की तिला सांगणार, तन्वीच्या देखत. ती परीक्षेला बसेल की नाही, माझ्या दारात पुन्हा येईल की नाही, तिचं ती ठरवील. मी एवढंच सांगणार — देवी होय म्हणाली होती. नको म्हणाले ती मी.